आधी उसवा, मग शिवा : गाजलेल्या कथांवरून कथा लिहायला शिकताना

माझी आई शिवणाच्या क्लासला कधी गेली नाही. अंगात नीट बसणारं एक जुनं ब्लाउज तिने घेतलं, ब्लेडने एकेक टाका सोडवत सगळे तुकडे सुटे केले, त्यांवर इस्त्री फिरवली आणि वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतले. बाही सपाट केली की किती विचित्र दिसते, टक्स नेमका कुठून सुरू होतो, शिवणीच्या आत किती कापड दडलेलं असतं, हे तिला त्या दुपारी कळलं. तेच ब्लाउज घालून ती वर्षभर आरशात बघत राहिली असती तरी कळलं नसतं.

कथा लिहायला लागल्यावर पहिली सात-आठ वर्षं मी आरशातच बघत होते. चांगली कथा वाचायची, भारावून जायचं, ‘काय लिहिलंय!’ म्हणून चार जणांना सांगायचं. मग रात्री वही उघडली की माझ्या कथेत दोन पानं नुसता पाऊस पडायचा. वाचन कमी पडत होतं असं नाही, वाचून झाल्यावर हातात काही उरत नव्हतं. पुढे मी आईची पद्धत कथेला लावून बघितली. ती इथे तपशिलात सांगते.

मराठीत ‘तंत्र’ हा शब्द जरा बदनाम आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचं तंत्र उलगडून मांडलं. पुढच्या नवकथेच्या पिढीने त्या साच्याविरुद्ध बंड केलं, आणि तेव्हापासून तंत्र म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण बंड करणाऱ्यांची, समजा व्यंकटेश माडगूळकरांची, एखादी छोटी कथा उसवून बघा. एक टाका सैल सापडत नाही.

कोणती कथा घ्यायची

एका वेळी एकच. तीन हजार शब्दांच्या आतली, आणि तुम्हाला मनापासून आवडलेली. ‘थोर आहे म्हणतात’ म्हणून घेतलेली कथा तिसऱ्या दिवशी कंटाळा आणते. वर्षात अशा तीन कथा नीट झाल्या तरी पुष्कळ झालं. तिघींची जात वेगळी असेल असं मात्र बघा. एक फारसं काही न घडणारी, एक घटनांनी भरलेली, एक शेवटी पलटी खाणारी.

मी स्वतः निवडल्या त्या अशा : रशियन लेखक चेखॉवची म्हाताऱ्या गाडीवानाची कथा (१८८६), अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’, आणि फ्रेंच लेखक मोपासाँची हरवलेल्या हाराची कथा (१८८४). पुढची उदाहरणं याच तिघींतून येतील. तुम्ही याच घ्यायला हव्यात असं नाही.

एक सूचना, थोडी आगाऊ वाटेल. जी. ए. कुलकर्णी पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यांची भाषा हळदीसारखी आहे, हाताला लागली की चार दिवस जात नाही. मी घेतली होती. सहा महिने माझ्या प्रत्येक कथेत एक प्रवासी, एक वाळवंट आणि कुणीतरी आंधळा असायचा.

आधी नुसती सांगून बघा

पहिल्यांदा कथा सरळ वाचून काढा, हातात पेन न घेता. मग एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणालातरी ती तोंडी सांगा, पुस्तक न बघता. भाजी निवडता निवडता सांगितली तरी चालेल. ऐकायला कुणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा.

आता मूळ कथा परत उघडून बघायची : तुम्ही काय विसरलात, काय आधी सांगून टाकलंत, आणि कुठे स्वतःच्या पदरचं घातलंत? मी हाराची कथा नणंदेला सांगितली तेव्हा कथेतल्या बाईच्या नवऱ्याला चक्क विसरून गेले. नंतर बघितलं तर मोपासाँनेही त्याला असाच भिंतीला टेकवून ठेवलाय. मेजवानीच्या रात्री बायको नाचतेय आणि हा एका रिकाम्या दालनात डुलक्या काढतोय. माझं विसरणं लेखकाने आधीच योजून ठेवलं होतं. तुम्ही ठेचाळलात ती प्रत्येक जागा वहीत टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

हाताने उतरवून काढा

या पायरीला लोक हसतात आणि इथेच गळतात. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर कथा उतरवायची, शब्द न् शब्द, स्वल्पविरामासकट. उजवं पान कोरं ठेवायचं. तासाला सहाशे-सातशे शब्द होतात, म्हणजे अडीच हजार शब्दांची कथा चार संध्याकाळी संपते. टाइप करू नका. टाइप करताना बोटं डोळ्यांच्या पुढे पळतात.

लिहिताना हात कंटाळतो, आणि तेच हवं असतं. कंटाळलेला हात विचारायला लागतो : हे वाक्य इतकं आखूड का? इथे परिच्छेद का तोडला? मी असते तर इथे आणखी तीन ओळी लिहिल्या असत्या, याने का नाही लिहिल्या? हे प्रश्न लाल पेनने उजव्या पानावर उतरवा. उत्तरं आत्ताच शोधत बसू नका.

इथे एक फरक सांभाळा. चेखॉव आणि मोपासाँ आपण अनुवादात वाचतो. अनुवादावरून रचना शिकता येते, पण वाक्य शिकायचं तर मूळ मराठी कथाच उतरवायला हवी. इंग्रजीवरून केलेल्या एका अनुवादाची मी तीस पानं उतरवली आणि त्यानंतर माझी पात्रं ‘तो हलकेच स्वतःशीच हसला’ अशी वागू लागली. आपल्याकडे माणूस गालातल्या गालात हसतो.

प्रसंगांचा तक्ता

आता खरं उसवणं. प्रत्येक प्रसंग वेगळा काढायचा आणि त्यापुढे चार गोष्टी लिहायच्या : पात्राला इथे काय हवंय, ते का मिळत नाही, प्रसंगाआधी आणि नंतर काय वेगळं आहे, आणि प्रसंग किती ओळींचा आहे. चेखॉवच्या कथेवर हे करून दाखवते.

कथेचं रशियन नाव ‘तस्का’. दुःख, हुरहुर आणि तगमग यांच्या मधलं काहीतरी. पीटर्सबर्गच्या एका दैनिकात ती आली तेव्हा चेखॉव जेमतेम सव्विशीत होता. गोष्ट एवढीच : योना पोतापोव या म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. त्याला ते कुणालातरी सांगायचंय. बर्फ पडतंय. तो गिऱ्हाइकाची वाट बघत घोडीसकट थिजून बसलाय.

पहिलं गिऱ्हाईक एक लष्करी अधिकारी. योना मागे वळून सांगतो, मुलगा गेला. अधिकारी निदान विचारतो तरी, कशाने? योना म्हणतो, ताप असावा, तीन दिवस दवाखान्यात होता. एवढ्यात अंधारातून कुणीतरी त्याच्यावर खेकसतं, गाडी नीट हाक म्हणून. परत वळून बघतो तर अधिकाऱ्याने डोळे मिटून घेतलेले.

मग तिघं तरुण, त्यातला एक कुबडा. भाडं फारच कमी देतात, शिव्या घालतात, मानेवर धपाटे मारतात. योनाला तेही बरं वाटतं, कारण पाठीमागे माणसांचा आवाज आहे. मुलगा गेला म्हणतो तेव्हा कुबडा म्हणतो, सगळेच मरणार आहेत, चल हाक. ठिकाण आल्यावर सुटलो म्हणत उतरतात.

तिसरा एका घराचा दरवान. योना बोलायचं म्हणून त्याला वेळ विचारतो. दहा वाजत आलेत, इथे का थांबलास, पुढे हो. मुलाचा विषय निघतच नाही.

चौथा प्रसंग गाडीवानांच्या मुक्कामाच्या जागी. एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो. योना त्याला सांगतो आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघायला जातो, तर पोरगं डोक्यावरून पांघरूण ओढून झोपलंय.

पाचवी घोडी.

नुसतं वाचलं तर वाटतं, ‘कुणी ऐकत नाही’ हेच चार वेळा आलंय. तक्ता मांडल्यावर मला उजव्या पानावर एक उतरता जिना दिसला. अधिकारी, शहरी तरुण, दरवान, आणि शेवटी योनाच्याच धंद्यातला, त्याच्याच छपराखाली झोपणारा गाडीवान. माणसं पायरीपायरीने योनाच्या जवळ येत जातात आणि ऐकणं पायरीपायरीने कमी होतं. सगळ्यात दूरच्याने निदान एक प्रश्न विचारला होता. सगळ्यात जवळचा झोपलाय.

जागा बदलून बघा

तक्त्याचा खरा उपयोग इथे होतो. प्रसंगांच्या चिठ्ठ्या करा आणि क्रम बदला. तरुण गाडीवानाला पहिला आणा आणि अधिकाऱ्याला चौथा. काय होतं? कथा एकदम ‘मोठ्या लोकांना गरिबांचं काही पडलेलं नसतं’ एवढीच होते. खरीच गोष्ट आहे, पण ती सांगायला चेखॉव कशाला लागतो? मूळ क्रमात तसं बोट दाखवायची सोय वाचकाला मिळत नाही, कारण शेवटचा दोषी एक दमलेला, झोपाळू पोरगा आहे.

दरवानाचा प्रसंग काढून बघा. दोन-चार ओळींचा तर आहे. मला वाटलं होतं, काही बिघडणार नाही. पण तो गेला की योना प्रत्येक वेळी मुलाबद्दल बोलतोच असं होतं, आणि एकसुरीपणा डोकावायला लागतो. त्या तुकड्यात तो बोलूच शकत नाही, म्हणून पुढच्या गाडीवानाशी तो जास्त अधीर होऊन बोलतो. छोट्या प्रसंगाचं काम बहुतेक वेळा पुढच्या प्रसंगात दिसतं.

एक तास द्या या खेळाला. स्वतःच्या कथेवर तोच करा. कुठलाही प्रसंग कुठेही ठेवला आणि काहीच बिघडलं नाही, तर तुमच्याकडे अजून कथा नाही, आठवणींची पिशवी आहे. माझ्या पहिल्या नऊ कथा तशाच होत्या.

काय लिहिलेलं नाही

उजव्या पानावर आता एक वेगळी यादी करा : लेखकाला माहीत असणार, पण त्याने सांगितलेलं नाही असं काय काय आहे?

योनाच्या मुलाचं नाव बघा. कथाभर तो ‘मुलगा’ आहे. नाव पहिल्यांदा येतं ते शेवटी, योना घोडीला सांगतो तेव्हा. नाव उच्चारायला त्याला तिच्यापर्यंत यावं लागलं. हात दुखत कथा उतरवली नसती तर हे मला दिसलं नसतं. कोपऱ्यात आणखी एक माणूस आहे, गावाकडे असलेली त्याची मुलगी अनिस्या. तिचा एकदाच उल्लेख होतो.

दुसरी गंमत याहून मोठी. शेवटाच्या थोडं आधी चेखॉव यादीच देतो, योनाला नेमकं काय सांगायचंय त्याची. पोरगं आजारी कसं पडलं, किती सोसलं, जाताना काय बोललं, अंत्यविधी कसा झाला, दवाखान्यातून त्याचे कपडे आणायला कसा गेलो. वाचक सावरून बसतो, आता ऐकायला मिळणार. आणि शेवटच्या वाक्यात योना घोडीला सगळं सांगतो, एवढंच कळतं. जाताना पोरगं काय बोललं ते आपल्याला कधीच कळत नाही. घोडीने ऐकलं, आपण नाही.

ही घोडी आली कुठून तेही शोधा. पहिल्याच परिच्छेदात आहे ती, मालकाइतकीच पांढरी, निश्चल, कसल्याशा विचारात बुडालेली. शेवटाला लागणारी वस्तू लेखकाने दाराशीच बांधून ठेवली होती, आणि आपण तिच्या शेजारून आत गेलो.

वर्षं किती, ओळी किती

मोपासाँची कथा वेळ मोजायला उत्तम. मातिल्ड ही कारकुनाची बायको. मोठ्या मेजवानीचं आमंत्रण येतं. पोशाखासाठी नवरा ४०० फ्रँक देतो, हे पैसे त्याने बंदूक घ्यायला साठवलेले असतात. दागिना मैत्रिणीकडून उसना. त्या रात्री हार हरवतो. तसाच दिसणारा दुसरा ३६,००० फ्रँकना घेऊन परत केला जातो, वडिलोपार्जित १८,००० आणि बाकी कर्ज. ते फेडायला दहा वर्षं. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा.

पट्टी घेऊन मोजा. आमंत्रणापासून हार हरवेपर्यंतचे थोडे दिवस कथेचा मोठा हिस्सा खातात. आयुष्याची राखरांगोळी करणारी दहा वर्षं जेमतेम पानभरात आटपतात : भांडी घासून झिजलेली नखं, जिन्यावरून वाहिलेलं पाणी, बाजारात एकेका पैशासाठी घासाघीस. नवीन लिहिणारा नेमका उलट करतो. दुःखाची दहा वर्षं चवीने लिहितो आणि सुखाची रात्र एका वाक्यात उरकतो. ती रात्र डोळ्यांना दिसली नसती तर तिची किंमत कुणाला लागली असती?

दुसऱ्या वाचनात लाल पेनने खुणा शोधा. मैत्रीण हार अगदी सहज देऊन टाकते. डबीवर नाव असलेला सराफ वही बघून सांगतो, हार आमच्याकडचा नाही, डबी तेवढी आमची असावी. नवा हार परत केला तेव्हा मैत्रीण डबी उघडूनही बघत नाही. तीन वेळा सांगून झालंय, आणि तरी आपण फसतो, कारण प्रत्येक वेळी आपलं लक्ष मातिल्डच्या धास्तीवर असतं. शेवटी पलटी मारणारी कथा लिहायची तर आधी हे मोजा : तुमच्या कथेत अशा खुणा किती आहेत? एकही नसेल तर ती फसवणूक. आणि प्रत्येक खूण वाचकाला जागच्या जागी कळत असेल, तर नुसता उशीर.

दोन टोकांचा धागा

‘स्मशानातील सोनं’ अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेली असते आणि म्हणूनच नीट वाचलेली नसते. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मसणवटीतल्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तेच त्याचं काम होऊन बसतं, मढी उकरायचं. एका रात्री मढ्यावरून त्याची कोल्ह्यांशी जुंपते. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, ती गमवावी लागतात, आणि तेव्हाच बातमी येते की खाण सुरू झाली. तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडतो.

इथे तक्ता वेगळा करा. आडवी रेघ मारा, एका टोकाला ‘खाण बंद’, दुसऱ्या टोकाला ‘खाण सुरू’. मधलं सगळं भयंकर याच दोन बातम्यांमध्ये टांगलेलं आहे. शेवटची बातमी काढून टाका, कथा थरारकथा म्हणून तरीही चालेल. कोल्ह्यांची झुंज एकटीच वाचकाला खेचून नेईल. बातमी असली की मागचं सगळं परत मोजावं लागतं.

आणि मग बोटं. पाय मोडला असता, डोळा गेला असता, तरी इजा झालीच असती. पण हातावर पोट असलेल्या, दगड फोडणाऱ्या माणसाची बोटं जातात. आपल्या भाषेतला रोजचा वाक्प्रचार कथेत कुठेही न उच्चारता अंगावर येतो. स्वतःची कथा तपासताना हा प्रश्न विचारा : माझ्या पात्राचं मी जे नुकसान केलंय, तेच का? दुसरं कुठलं का नाही? उत्तर ‘सहज सुचलं’ असेल तर आणखी एक दिवस विचार करा.

क्रियापदांची रांग

हे खास मराठीचं दुखणं, म्हणून थोडं सविस्तर. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. भूतकाळात गोष्ट सांगायची म्हणजे ‘होता, होती, होतं, गेला, आली’ अशी शेपटांची रांग लागते. उदाहरणार्थ माझ्याच जुन्या कथेतलं हे :

‘दार उघडं होतं. आत अंधार होता. कोपऱ्यात म्हातारी बसली होती. ती वाती वळत होती.’

चार वाक्यं, चार होता-होती. चांगल्या मराठी कथेचं एक पान घ्या आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द एकाखाली एक लिहा. दिसेल की लेखक ही रांग सतत मोडत असतो. कधी क्रियापद गाळतो, कधी पुढे ओढतो, कधी दोन वाक्यं एका ‘आणि’ने बांधून एक शेपूट वाचवतो, कधी मध्येच वर्तमानकाळात शिरतो. त्यानंतर मी ते असं केलं :

‘दार उघडंच. आत अंधार. डोळे सरावले तेव्हा कोपऱ्यातली म्हातारी दिसली, वाती वळणारी.’

थोर काही नाही, पण वाचताना ठेच लागत नाही.

संवादांचंही असंच बघा. माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधलं एखादं व्यक्तिचित्र उतरवताना दोन रंगांची पेनं घ्या, निवेदनाला निळं, बोलण्याला हिरवं. निवेदन साधं, प्रमाण वळणाचं, आणि माणूस तोंड उघडतो तेव्हा माणदेश. बोली वापरायची म्हणजे प्रत्येक शब्दाला ‘न्हाई’ आणि ‘हाय’ चिकटवायचं नसतं, हे हिरव्या ओळी मोजल्यावर समजतं. बोलीचा जोर वाक्याच्या घडणीत असतो, उच्चारांच्या स्पेलिंगमध्ये फार थोडा. ज्या गावची बोली तुम्ही घरात ऐकलेली नाही, ती कृपा करून वापरू नका.

आता आपलं कापड

उसवलेल्या तुकड्यांवर आता स्वतःचं कापड ठेवायचं. नियम एकच : सांगाडा घ्यायचा, मजकूर आणि माणसं आपली. मी काय केलं ते चुकांसकट सांगते.

योनाचा जिना घेतला आणि दुःखाच्या जागी आनंद ठेवला. पुण्यातल्या एका सोसायटीचा वॉचमन. गावाकडे पोरगा दहावी पास झालाय, ६१ टक्के. याने पाव किलो पेढे आणलेत आणि कुणालातरी सांगायचंय. गाडीतून उतरणाऱ्या साहेबांच्या कानाला फोन. सेक्रेटरी म्हणतात, अभिनंदन, आणि ते व्हिजिटर रजिस्टर नीट भरत जा. डिलिव्हरीवाला पेढा घेतो, पण त्याला पाच मिनिटांत पुढची ऑर्डर गाठायचीय. दुसऱ्या पाळीचा वॉचमन येतो तोच पेंगत.

पहिल्या खर्ड्यात शेवटी गल्लीतलं कुत्रं आणलं, त्याला पेढा. अतिशय वाईट. वाचणाऱ्या मैत्रिणीने एकच विचारलं, “हे कुत्रं इतका वेळ कुठे होतं?” मी घोडी उचलली होती, घोडीचं काम नाही. चेखॉवची घोडी पहिल्या ओळींपासून योनाबरोबर भिजतेय, त्याची मिळकत कमी पडली म्हणून ओट्सऐवजी गवत खातेय. माझं कुत्रं शेवटच्या पानावर पाहुणं आलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात देवळात नेलं. तेही नको. माझाच तक्ता परत काढला आणि बघितलं, पहिल्या परिच्छेदापासून याच्याबरोबर कोण आहे? रजिस्टर. प्रत्येक प्रसंगात कुणीतरी त्यात सही करतंय किंवा करायचं टाळतंय. मग तिसऱ्या खर्ड्यात रात्री दोन वाजता तो रजिस्टर ओढतो आणि नवी ओळ भरतो. नाव : पोराचं. कुठून आले : गावाचं नाव. कुणाकडे : वडिलांकडे. काम : पास झालो ते सांगायला. येण्याची वेळ लिहितो. जाण्याची वेळ रिकामी ठेवतो.

हे मला टेबलाशी बसून सुचलं नसतं. तक्त्यातला एक रकाना रिकामा होता म्हणून सुचलं. आणि वाचणाऱ्या कुणालाही त्यात पीटर्सबर्ग दिसलं नाही, मी सांगेपर्यंत.

इथेच चोरीचा प्रश्न येतो. सांगाडा कुणाच्या मालकीचा नसतो, वाक्यं असतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०२९ अखेरपर्यंत. चेखॉव, मोपासाँ यांच्या मूळ कथा मोकळ्या आहेत, पण त्यांच्या अनुवादांचे हक्क अनुवादकांकडे असू शकतात. स्वतःच्या अभ्यासासाठी वहीत उतरवायला हरकत नाही. ती पानं फेसबुकवर टाकू नका, सदिच्छेनेही नाही.

वेळापत्रक विचाराल तर एका कथेला सहा आठवडे. सांगणं आणि उतरवणं पहिल्या दोनात, तक्ते आणि अदलाबदल पुढच्या दोनात, स्वतःचा खर्डा उरलेल्यात. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात वही उघडली तर एप्रिलपर्यंत दोन कथा हाताखालून जातात आणि एखादी स्वतःची पाठवण्याजोगी होते.

वॉचमनची कथा मी अशीच एका अंकाला पाठवली. परत आली. संपादकांनी वर पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती : ‘कथा दुसऱ्या पानावर सुरू होते.’ दोन दिवस राग धरला. तिसऱ्या दिवशी चेखॉवची वही काढून मोजलं, पहिलं गिऱ्हाईक गाडीत बसेपर्यंत किती ओळी जातात. मग माझं पहिलं पान काढून वाचलं. त्यात पाऊस पडत होता. फाडलं.